बरणीतली नावे

(विहाराच्या वर्धापनदिनी बालवाचनालयाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. तीस वर्षे गिरणीच्या त्रासन खात्यात तुटलेले धागे जोडण्याचे काम केले. शिक्षण म्हणाल तर सातवी पास. पुढचं जे काही शिकलो ते रात्रीच्या वर्गात, युनियनच्या कचेरीत आणि रद्दीच्या दुकानात. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा करू नका. जे मनापासून वाटलं ते सांगतो.

आपण आज मुलांसाठी वाचनालय सुरू करतो आहोत. पुस्तकं मांडताना कमिटीतले एक जण मला म्हणाले, "दादा, बाबासाहेबांचं चरित्र पाहिजे, भगवान बुद्धांच्या गोष्टी पाहिजेत, हे कबूल. पण ही कोरियाच्या पोरांची इंग्रजी चित्रांची पुस्तकं कशाला आणलीत? कुठे कोरिया आणि कुठे आपली वस्ती!" प्रश्न रास्त आहे. माझं आजचं भाषण म्हणजे त्या प्रश्नाचंच उत्तर आहे.

त्यातलं पहिलं पुस्तक मला फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकवाल्याकडे मिळालं. चित्रं आवडली म्हणून घेतलं. माझं इंग्रजी पाट्या वाचण्यापुरतं. माझी नात तिसरीत आहे, ती वाचायची आणि मी शब्दकोश घेऊन शेजारी बसायचो. अशी एक एक करत आम्ही आजोबा-नातीने पाच-सहा पुस्तकं वाचली.

त्या पहिल्या पुस्तकाचं नाव 'द नेम जार', म्हणजे नावांची बरणी. यांगसूक चोई या बाईंनी ते लिहिलं आणि चित्रंही त्यांचीच. अमेरिकेत २००१ साली ते निघालं. बाई स्वतः कोरियात वाढल्या आणि चित्रकला शिकायला न्यूयॉर्कला गेल्या.

गोष्ट छोटीशी आहे. युन्हे नावाची मुलगी आईबापांबरोबर कोरियातून नुकतीच अमेरिकेत आली आहे. निघताना आजीने तिच्या हातात लाकडाचा एक शिक्का दिला. त्यावर तिचं नाव कोरलेलं. कोरियात सही करण्याऐवजी असा नावाचा शिक्का उमटवण्याची जुनी रीत आहे. शाळेचा पहिला दिवस. बसमधली पोरं तिला नाव विचारतात. ती सांगते. पोरांना ते उच्चारता येत नाही, मग ती नावाची मोडतोड करतात आणि खिदळतात. वर्गात गेल्यावर मुलं पुन्हा नाव विचारतात. तेव्हा ही पोर काय सांगते? म्हणते, मी अजून नाव निवडलेलं नाही, पुढच्या आठवड्यात सांगेन.

इथे थांबून मी तुम्हाला विचारतो. ज्या मुलीच्या दप्तरात तिच्या नावाचा शिक्का आहे, ती म्हणते की मला नावच नाही. असं लेकराला कधी म्हणावं लागतं? मार पडलेला नाही, कोणी शिवी दिलेली नाही. नुसतं हसले. पण ते हसणं पुरतं.

घरी येऊन ती आईला म्हणते, मला अमेरिकन नाव पाहिजे. आई सांगते, अगं, तुझं नाव आम्ही जाणत्या माणसाकडे जाऊन, विचार करून ठेवलं आहे. युन्हे या नावाचा अर्थ कृपा. दुसऱ्या दिवशी वर्गात तिच्या बाकावर काचेची बरणी ठेवलेली असते आणि तिच्यात चिठ्ठ्या. वर्गातल्या मुलांनी तिच्यासाठी नावं लिहून टाकली आहेत. एकेक चिठ्ठी काढायची आणि आवडेल ते नाव घ्यायचं.

आता बघा, ही मुलं काही वाईट नाहीत. त्यांना वाटतं आपण मदत करतोय. पण समोरच्याला स्वतःचं नाव असताना त्याच्यासाठी दुसरं नाव शोधणं ही कसली मदत? आपल्या मराठीत फार मार्मिक गंमत आहे. नाव ठेवणं म्हणजे बारसं, आणि नावं ठेवणं म्हणजे निंदा. मधे फक्त एका टिंबाचा फरक. त्या बरणीत दोन्ही एकत्र झालेली आहेत.

पुढे जोई नावाचा एक मुलगा येतो. त्याला तिच्या नव्या नावात रस नाही. तो तिचं खरं नाव विचारतो. ती तोंडाने सांगत नाही, शिक्का कागदावर उमटवून देते. तो कागद तो जपून ठेवतो. आणि एक दिवस बरणी गायब होते! कोणी नेली? या जोईनेच नेली. का, तर हिने आपलं स्वतःचंच नाव ठेवावं म्हणून. शेवटी युन्हे फळ्यासमोर उभी राहून आपलं नाव सांगते, अर्थ सांगते, सगळ्या वर्गाकडून उच्चार करून घेते. आणि जोई वस्तीतल्या कोरियन दुकानदाराच्या मदतीने स्वतःसाठी कोरियन टोपणनावाचा शिक्का करून घेतो. चिंकू. कोरियन भाषेत त्याचा अर्थ मित्र.

मला या पोराचं मोठं कौतुक वाटतं. भाषण नाही, दया नाही, उपकाराची भाषा नाही. शिकायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. जीभ तुझी वळत नाही तर तू वळव, दुसऱ्याने नाव का बदलावं?

आता या गोष्टीमागची एक गोष्ट सांगतो. ती या चित्रांच्या पुस्तकात नाही, इतिहासात आहे. कोरियावर १९१० ते १९४५ जपानचं राज्य होतं. १९४० साली सरकारने कोरियन लोकांकडून जपानी पद्धतीची नावं घ्यायला लावली. कागदावर ते ऐच्छिक होतं, पण शाळा, नोकरी, शिधा सगळीकडून असा दाब आला की सहा महिन्यांत सुमारे ८० टक्के कुटुंबांनी अशी नावं नोंदवली. शाळांतून कोरियन भाषाही काढून टाकलेली होती. यावर लिंडा स्यू पार्क यांनी २००२ साली मोठ्या मुलांसाठी 'व्हेन माय नेम वॉज केओको' ही कादंबरी लिहिली. तिच्यातल्या सन-ही नावाच्या मुलीला केओको व्हावं लागतं. म्हणजे २००१ सालच्या पुस्तकातली आजी धरली, तर तिच्या पिढीने आपल्या डोळ्यांदेखत घरादाराची नावं पुसली जाताना पाहिलेली असणार. अशा आजीने परदेशी निघालेल्या नातीच्या हातात खाऊ नाही दिला, नावाचा शिक्का दिला. हे मला इतिहास वाचल्यावर समजलं, आणि ते एकच चित्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

दुसरं पुस्तक 'माय नेम इज यून', २००३ सालचं. लेखिका हेलन रेकोर्विट्स, चित्रकार गॅबी स्वायत्कोव्स्का. यातली यूनसुद्धा कोरियातून आलेली. तिच्या नावाचा अर्थ तळपती प्रज्ञा. प्रज्ञा हा शब्द या सभागृहात मला समजावून सांगायला नको. बाप तिला नाव इंग्रजीत लिहायला शिकवतो. पोरीला ते आवडत नाही. आपल्या लिपीत अक्षरं एकत्र नाचतात आणि इंग्रजीत रेघा आणि गोल एकेकटे उभे राहतात, असं तिचं म्हणणं. शाळेत बाई कागद देतात, नाव लिही म्हणतात. ती स्वतःच्या नावाऐवजी लिहिते मांजर. दुसऱ्या दिवशी लिहिते पक्षी. मधल्या सुट्टीत एक मुलगी तिला गोड केक देते, तर ही कागदावर केकच लिहून मोकळी. एकटं वाटणारं लेकरू आपण दुसरंच काही असतो तर बरं, असा विचार करतं. बाई रागावत नाहीत, वाट पाहतात. अखेर एक दिवस ती स्वतःचं नाव लिहिते.

त्या नाचणाऱ्या अक्षरांचीही हकीकत ऐकण्यासारखी आहे. पूर्वी कोरियात चिनी चित्रलिपी वापरीत. हजारो चिन्हं पाठ करावी लागत. शेतकऱ्याला, कामकऱ्याला, बायांना तेवढी सवड कुठली? विद्या मूठभर घराण्यांत अडकलेली. राजा सेजोंग याने १४४३ साली २८ अक्षरांची सोपी लिपी तयार केली आणि १४४६ साली जाहीर केली. सामान्य माणसाला मनातलं लिहिता यावं, हाच त्यामागचा हेतू होता. दरबारातल्या पंडितांनी विरोध केला. विरोध का केला असेल, हे तुम्हाला-मला वेगळं सांगायला हवं का? आणि त्या नव्या लिपीत जी अगदी सुरुवातीची पुस्तकं झाली, त्यांतलं एक कोणतं? भगवान बुद्धांचं चरित्र. राणी वारली, तिच्या स्मरणार्थ राजपुत्राने १४४७ साली ते रचलं. म्हणजे ज्या अक्षरांसाठी यून हट्ट धरते, त्या अक्षरांतून पहिल्यापासून बुद्धांची कथा सांगितली गेली आहे. कोरिया इतका काही लांब नाही, मंडळी!

तिसरं पुस्तक डब्याचं आहे. 'हाल्मोनी अँड द पिकनिक', १९९३ सालचं. हाल्मोनी म्हणजे आजी. लेखिका सूक न्यूल चोई प्योंगयांगला जन्मल्या, पुढे अमेरिकेत त्यांनी बरीच वर्षे शाळेत शिकवलं. न्यूयॉर्कमधली तिसरीतली युन्मी आणि तिची नवीनच आलेली आजी. आजीला इंग्रजी बोलायची लाज वाटते. वर्गाची सहल सेंट्रल पार्कला जायची आहे आणि सोबत आजी येणार. आजी सगळ्या वर्गासाठी किंबाप करते, म्हणजे समुद्रातल्या शेवाळाच्या पातळ पापडात भात आणि भाज्या गुंडाळून कापलेल्या वळ्या. युन्मीच्या पोटात गोळा येतो. पोरं आजीच्या कपड्यांना हसली तर? खाणं बघून नाक मुरडलं तर? पण पोरं आवडीने खातात. आता खरं सांगा, आपल्यातल्या किती जणांनी शाळेत डबा झाकणाआड लपवून खाल्ला? मी तर खाल्ला आहे.

चौथं पुस्तक कोरियातच घडतं. याचं इंग्रजी नाव 'वेटिंग फॉर मामा'. ही गोष्ट यी ते-जून या लेखकाने १९३८ साली लिहिली. किम डोंग-सोंग यांनी जुन्या सेऊल शहराची चित्रं काढून २००४ साली तिचं पुस्तक केलं. इतकं लहान लेकरू की त्याला नावसुद्धा दिलेलं नाही. ते ट्रामच्या थांब्यावर आईची वाट बघत उभं आहे. थंडीने नाक लाल झालेलं. ट्राम आली की विचारतं, माझी आई येत नाही का? पहिला ट्रामवाला म्हणतो, तुझी आई मला काय ठाऊक! आणि निघून जातो. दुसराही तसाच. तिसरा मात्र खाली उतरतो आणि सांगतो, आई येईपर्यंत एका जागी उभा राहा, म्हणजे लागणार नाही. लेकरू तसंच उभं राहतं, बर्फ पडायला लागतो. पुस्तकातली अक्षरं इथे संपतात. आई आली की नाही? शब्दांत सांगितलेलंच नाही. पण शेवटच्या चित्रात नीट बघा. बर्फाने झाकलेल्या गल्लीत एक बाई आणि तिचा हात धरलेलं एक चिमुकलं पोर दिसतं.

माझी बायको कामावरून यायची तेव्हा आमची पोरगी गल्लीच्या तोंडाशी अशीच उभी राहायची. कामकरी माणसाच्या घरी हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. आणखी एक सांगतो. हा लेखक १९४६ साली उत्तर कोरियात निघून गेला. म्हणून दक्षिणेत त्याच्या लिखाणावर १९८८ पर्यंत बंदी होती. आईची वाट बघणाऱ्या लेकराच्या गोष्टीलाही राजकारणाने चाळीस वर्षे थांब्यावर उभं केलं!

या चारही पुस्तकांत मला एकच प्रश्न दिसतो. मोठी माणसं आणि जग लहान मुलाला हाक कशी मारतात? कोरियात बांग जोंग-ह्वान नावाचा एक कार्यकर्ता होऊन गेला. जन्म १८९९, मृत्यू १९३१. उणंपुरं बत्तीस वर्षांचं आयुष्य. तेव्हा तिथे लहान मुलांना हलक्या शब्दांत हाकारत. त्याने 'ओरिनी' हा मुलांसाठीचा आदराचा शब्द रूढ केला, त्याच नावाचं मासिक १९२३ साली काढलं. त्याच वर्षी १ मे रोजी, म्हणजे आपल्या कामगार दिनी, बालदिन पाळून पत्रकं वाटली गेली. त्यात मोठ्यांना विनंती होती की मुलांशी आदराच्या भाषेत बोला. आज तिथे तो दिवस ५ मे ला असतो. आपल्याकडे आपण एकमेकांना जय भीम घालतो, भन्तेंना वंदन करतो, आणि घरी पोराला काय म्हणतो? ए कार्ट्या, ए काळे, ए ढब्ब्या! ज्यांच्या बापजाद्यांची नावं गावाने मोडून तोडून घेतली, त्यांनी तरी आपल्या लेकराचं नाव पुरतं घ्यावं.

या पुस्तकांत मला एक उणीवही वाटते, ती लपवत नाही. सगळं एका आठवड्यात गोड होतं. बाई नेहमी समजूतदार आणि वर्ग शेवटी हसरा. प्रत्यक्षात तसं कुठे असतं? पण मग मी विचार केला, सात-आठ वर्षांच्या मुलाला आधी हिंमत द्यावी, जगाची ओळख त्याला पुढे होणारच आहे.

आता शेवटची गोष्ट, आणि ती माझ्याच चुकीची आहे. १९९८ साली आम्हाला चाळ सोडावी लागली. उपनगरात भाड्याची खोली बघत होतो. दोन ठिकाणी आडनाव ऐकून नकार मिळाला. तिसऱ्या ठिकाणी घरमालकिणीने आडनाव विचारलं आणि मी त्यांना चालेल असं दुसरंच सांगितलं. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. हात धरून उभी होती. ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, हे आपलं नाव नाही." मी हसून म्हटलं, "लहान आहे हो, तिला कळत नाही." खोली मिळाली. तीन वर्षे राहिलो. त्या तीन वर्षांत त्या आवारात कोणी नाव विचारलं की माझी पोर गप्प बसायची, नाहीतर आत पळून यायची. मी समजत होतो, लाजाळू आहे.

मागच्या वर्षी नात मला 'नावांची बरणी' वाचून दाखवत होती. युन्हे वर्गात म्हणते की मी अजून नाव निवडलेलं नाही, त्या पानावर आलो. माझी मुलगी शेजारी पोळ्या लाटत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "बाबा, मी पण तेव्हा अशीच गप्प राहायचे. मला कळायचंच नाही की आपलं कोणतं नाव सांगायचं." सव्वीस-सत्तावीस वर्षांनी माझ्या मुलीने हे मला सांगितलं, आणि तेही एका परक्या देशाच्या चित्रांच्या पुस्तकामुळे. मी युनियनच्या सभांत मालकाला खडसावणारा माणूस, पण त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. मी फक्त म्हटलं, चूक तुझी नव्हती बाळा, माझी होती.

म्हणून ही पुस्तकं आणली. कोरियाचं कौतुक करायला नव्हे. आपल्या पोरांना जे बोलता येत नाही ते दुसऱ्या देशातली पोरं कधी कधी त्यांच्या वतीने बोलतात. आणि आपल्याही घरात कोणी न बोललेलं असेल, तर ते बाहेर येतं.

कमिटीला माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, वाचनालयात एक काचेची बरणी ठेवू. मात्र उलट्या कामासाठी. मुलाने तिच्यात स्वतःचंच नाव लिहून टाकायचं, नावाचा अर्थ आणि ते कोणी ठेवलं, का ठेवलं हेही घरी विचारून लिहायचं. दर रविवारी वंदना झाल्यावर एक चिठ्ठी काढू आणि त्या मुलाने उभं राहून ती वाचायची. सगळ्यांनी ऐकायची. आयाबापांनी मात्र खरं ते सांगावं. दुसरी सूचना आपल्या शिकलेल्या तरुणांना. त्या कोरियन बायांनी आपल्या लेकरांची गोष्ट परक्या मुलखात बसून लिहिली. आपल्या वस्तीतल्या पोराची, त्याच्या डब्याची, त्याच्या नावाची गोष्ट तुम्ही लिहा, चित्रं काढा. या कपाटात मी एका पुस्तकापुरती जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे.

बालमित्रांनो, तुम्ही मघापासून शहाण्यासारखे बसलात. आता खाऊ मिळणार आहे. खाऊ घेताना नाव विचारलं जाईल. तेव्हा खाली बघून पुटपुटायचं नाही. पुरतं नाव आणि मोठ्याने सांगायचं.

 

नमो बुद्धाय! जय भीम!